सोसायटी वाचनालय ग्रुप : ‘ड्यून’वरील शेऱ्यांबाबत

सुनंदाताई, अ-३०४ : सर्वांना नमस्कार. वाचनालयाच्या वहीत फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ या वाळवंटी ग्रहावर घडणाऱ्या विज्ञान-कादंबरीसमोर आज पुन्हा ‘वाचनीय नाही’ असा शेरा दिसला. हा तिसरा. खूणचिठ्ठी मात्र अजूनही चाळिसाव्या पानाच्या आसपासच आहे. न आवडल्याचे लिहिण्यास माझी मुळीच हरकत नाही, परंतु एवढ्या वाचनावर संपूर्ण कादंबरीचा निकाल लावावा आणि ती कपाटातून काढण्याची सूचनाही करावी, याचे मला मनापासून वाईट वाटले.

अनंतकाका, क-१०२ : ताई, त्यांपैकी एक शेरा माझा आहे आणि तो मी मागे घेणार नाही. कथेतल्या सरदार घराण्यातला फितूर कोण, हे लेखक दुसऱ्याच प्रकरणात नावानिशी सांगून टाकतो. साहसकथेत तेच आधी कळले, तर पुढे वाचायचे कशासाठी?

मिहिर, ब-५०१ : काका, कीर्तनात सीताहरण होणार हे सर्वांना ठाऊक असते, तरीही रावण भिक्षा मागायला दाराशी आला की मांडव स्तब्ध होतो. इथेही आपल्याला ठाऊक आहे आणि घराण्याचा प्रमुख ड्यूक लेटो याला नाही. त्यामुळे तो फितूर माणूस कुटुंबाशी आपुलकीने बोलतो, तेव्हा प्रत्येक वाक्य जिवाला लागते.

वैशालीताई, ब-२०३ : मला कादंबरी आवडली, परंतु सुरुवातीला दोनदा खाली ठेवावी लागली. अनोळखी शब्दांचा मारा फार आहे. शेवटी शब्दसूची आहे, हे मला शंभर पाने वाचल्यावर कळले. त्या ग्रहावरच मिळणाऱ्या मसाल्यासाठी सारे साम्राज्य एकमेकांच्या जिवावर उठते, हे मात्र चटकन पटले, कारण आमच्या सासरी गोड्या मसाल्याच्या डब्यावरूनही अबोला धरलेला मी पाहिला आहे.

अनंतकाका, क-१०२ : शब्दसूचीचे ठीक आहे. परंतु फितूर कोण हे दुसऱ्या प्रकरणात सांगितले आहे, या मुद्द्याला अद्याप उत्तर मिळालेले नाही.

मिहिर, ब-५०१ : काका, उत्तर दिलेले आहे, कृपया वर पाहावे. माझ्या मते या पुस्तकाचा खरा विषय पाण्याचा हिशेब हा आहे. राजवाड्यासमोर खजुराची २० झाडे आहेत. एका झाडाला दिवसाला ४० लिटर पाणी लागते आणि माणसाला ८ लिटर, म्हणजे एक झाड पाच माणसांबरोबर आणि ती रांग शंभर माणसांबरोबर. रस्त्याने जाणारे लोक त्या झाडांकडे कोणत्या नजरेने पाहतात, ते वाचून मी बराच वेळ पुढचे पान उलटले नाही.

प्रकाशराव, क-४०२ : हेच गणित ब विंगसमोरच्या हिरवळीला लावावे, अशी माझी नम्र सूचना आहे. मे महिन्यात टँकरचे पैसे सर्वांनी भरले आणि नळी मात्र रोज सकाळी तिथेच सोडलेली होती.

वैशालीताई, ब-२०३ : प्रकाशराव, तो विषय सर्वसाधारण सभेत झालेला आहे. ब विंगने आपला वाटा वेळेवर भरला होता, हेही त्याच सभेच्या इतिवृत्तात आहे.

सुनंदाताई, अ-३०४ : दोघांनाही विनंती आहे की आपण पुस्तकावर राहू या. हर्बर्ट १९५७ साली ओरेगॉनमधील फ्लॉरेन्स गावी गेले होते. सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या गवत लावून थोपवण्याचे सरकारी काम तिथे चालले होते. त्यावरचा त्यांचा लेख कधी छापून आला नाही, पण वाळवंटाचा ध्यास सुटला नाही आणि १९६५ साली ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. वीसहून अधिक प्रकाशकांनी ती नाकारली होती, आणि अखेर मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ‘चिल्टन’ने ती छापली. म्हणूनच घाईने लिहिलेला शेरा मला इतका खुपतो.

वैशालीताई, ब-२०३ : तरीही माझा एक आक्षेप आहे. ड्यूकचा मुलगा पॉल, म्हणजे बाहेरून आलेला राजपुत्र, पिढ्यान्‌पिढ्या वाळवंटात तग धरून राहिलेल्या फ्रेमेन लोकांचा तारणहार होतो, हे मला खटकते. मात्र त्या तारणहाराच्या भाकिताचे बीज बाहेरच्यांनीच, स्वतःच्या सोयीसाठी, त्या लोकांत पेरलेले होते, असे लेखक दाखवतो. आपल्या नावाने पुढे रक्तपात होणार, हे पॉलला दिसत असते आणि त्याची त्याला धास्ती वाटते. १९६९ सालच्या दुसऱ्या भागात ती धास्ती खरी ठरते. त्यामुळे केवळ पहिला भाग वाचून पॉलला नायक म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

अनंतकाका, क-१०२ : म्हणजे एक पुस्तक समजण्यासाठी दुसरे वाचायचे. इथे पहिल्याचेच रहस्य दुसऱ्या प्रकरणात फोडले आहे.

सुनंदाताई, अ-३०४ : काका, रहस्य बाजूला ठेवा आणि माझ्यासाठी एकच प्रसंग वाचा. द्वंद्वात पॉलच्या हातून जामिस हा फ्रेमेन मरतो. त्या लोकांत मेलेल्याच्या देहातले पाणी टोळीचे असते. जामिसचे ३३ लिटर आणि वर थोडे भरते, आणि ते मोजून सुपूर्द केले जाते. अंत्यविधीत पॉलच्या डोळ्यांतून पाणी येते. जिथे थेंबही वाया जाऊ देत नाहीत, तिथे हा मुलगा मेलेल्यासाठी पाणी देतो आहे, हे पाहून ते लोक थक्क होतात आणि कुणीतरी त्याच्या ओल्या गालाला बोट लावून पाहते. मागच्या उन्हाळ्यात टाकी कोरडी पडली होती. घरातले सगळे झोपल्यावर मी बादलीच्या तळाशी उरलेल्या पाण्याजवळ बसून हे प्रकरण पुन्हा वाचले आणि मला रडू आवरले नाही.

प्रकाशराव, क-४०२ : ताई, हे मला ठाऊक नव्हते. तिसरा शेरा माझा होता. तो मी उद्या खोडतो. हिरवळीचा विषय मात्र पुढच्या सभेत घ्यावाच लागेल.

अनंतकाका, क-१०२ : प्रत माझ्याकडे पाठवा आणि त्या प्रकरणात खूण ठेवा. डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून मला बारीक टाइप सलग वाचवत नाही, हे मी शेऱ्यात लिहायला हवे होते. फितुराविषयीचे माझे मत कायम आहे.

मिहिर, ब-५०१ : काका, मी रात्री साडेआठला प्रत घेऊन येतो आणि ते प्रकरण वाचून दाखवतो.