हात उचलत नाही: टेंडन की नस?

वडिलांचा खांदा निखळला, बसवला, एमआरआयमध्ये टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) फाटलेलं दिसलं आणि महिन्यानंतरही हात उचलत नाही. तर दोष फक्त टेंडनचाच का, असं तुम्ही विचारलंय. तसं लगेच धरून चालू नका. चाळिशीनंतर खांदा निखळला की रोटेटर कफ (खांद्याभोवतीच्या टेंडनांचा पट्टा) फाटणं आणि ॲक्सिलरी नस (खांद्याच्या स्नायूला चालवणारा मज्जातंतू) ताणली जाणं, दोन्ही एकदम होऊ शकतं, आणि दोन्हींत हात वर जात नाही.

फरक बोटांना कळतो. तपासताना दंड अंगालगत ठेवून कोपराने भिंतीवर बाहेरच्या बाजूला हलकेच दाबायला सांगतात आणि खांद्याच्या गोलाईवर बोटं ठेवतात. नुसतं टेंडन गेलं असेल तर दुखलं तरी डेल्टॉइड, म्हणजे त्या गोलाईचा स्नायू, टणक होतो. मऊच राहिला तर नसेचा संशय धरायचा. तिथली कातडी बधिर नसली म्हणजे नस शाबूत, असं मुळीच नाही. इथेच फसगत होते.

ईएमजी-एनसीव्ही (नसा आणि स्नायूंची विद्युत तपासणी) दुखापतीनंतर साधारण ३ आठवड्यांनी खरं चित्र दाखवते, म्हणजे आता करून घ्याच. ताणलेल्या बहुतेक नसा आपणहून सुधारतात. ३ महिन्यांतही सुधारणेची खूण नसेल तर नसेच्या सर्जनकडे जायला उशीर नको. टेंडनला मात्र नसेसाठी ताटकळत ठेवू नये. ते आक्रसतं, स्नायूत चरबी भरते. तोवर डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत, दुसऱ्या हाताच्या आधाराने सांधा हलता ठेवा.