मदत हवी आहे: एमडीनंतर कॅन्सर-प्रतिबंधाच्या संशोधनात कसं जायचं?

नमस्कार मंडळी. भाची नागपुरात मेडिकलला एमडी मेडिसिन करतेय. तिला पुढे नुसती एंडोस्कोपी करत बसायचं नाही. पोट-आतड्यांचा कॅन्सर होण्याआधीच अडवण्यावर संशोधन करायचंय. पोटात राहणारा एच. पायलोरी जंतू कर्करोगकारक असल्याचं १९९४ मध्येच जाहीर झालं, मोठ्या आतड्यातला पॉलिप (अस्तरावर वाढणारी छोटी गाठ) वेळीच काढला तर पुढचा धोका टळतो. तरी या वाटेला जाणारे डॉक्टर मला तरी दिसत नाहीत. घरचे म्हणतात, धंतोलीत दवाखाना टाक!

आधी डीएम गॅस्ट्रो (एमडीनंतरची पचनसंस्थेच्या आजारांची पदवी) करावं की थेट पीएचडी? खारघरच्या ॲक्ट्रेकचा (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) किंवा वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिपचा कुणाला अनुभव? ओपीडी सांभाळून प्रयोगशाळेला खरंच वेळ मिळतो का? अन् पगाराचंही मोकळेपणाने सांगा न बाप्पा.