पहिली दोरी कोणती? केबल नको, मण्यांची घ्या

गच्चीवरचा
दोरीवरच्या उड्या मारायला दोरी मागितली की स्वारगेटपासून बालेवाडीपर्यंत हल्ली एकच माल पुढे येतो. बारीक स्टीलची तार, म्हणजे केबल, वर प्लास्टिकचं आवरण, मुठीत बेअरिंग, पाकिटावर ‘स्पीड रोप’. नवशिक्याच्या हातात ही दोरी देणं चूक आहे, असं माझं ठाम मत. अडीच मिलिमीटरची तार इतकी हलकी असते की ती डोक्यावर आहे, पाठीमागे आहे की पायाशी आली, हे हाताला कळतच नाही. मग माणूस अंदाजानं उडी मारतो, म्हणजे गरजेपेक्षा फार उंच मारतो, आणि दोन मिनिटांत धापा टाकतो. चुकली की तार नडगीवर बसते आणि वळ उठतो.

मण्यांची दोरी घ्या. नायलॉनच्या दोरीत साधारण इंचभर लांबीचे प्लास्टिकचे मणी ओवलेले असतात. वजनामुळे कमान टिकते, वाऱ्यानं हलत नाही, आणि जमिनीला लागताना जो टक आवाज येतो त्याच्यावर उडीचा ठेका आपोआप बसतो. ती नाही मिळाली तर ५ मिमीची भरीव पीव्हीसी. केबल सहा महिन्यांनी, वाटली तर.

केबलवाला
साफ असहमत. सहा महिन्यांनी केबल घ्यायचीच आहे तर दोनदा पैसे कशाला? दोरी पायात अडकते ती हलकी आहे म्हणून नाही, हात फाकतात म्हणून. कोपर बरगडीला चिकटून, मुठी कमरेच्या हाडाजवळ, फिरवायचं फक्त मनगटानं. एवढं जमलं की तारही छान फिरते. नाही जमलं तर मणी ओवा नाहीतर मोती.

शिवाय मण्यांच्या दोरीची लांबी कमी करायची तर मूठ उघडा, गाठ सोडा, दोन-चार मणी काढा, परत गाठ मारा. केबलला एक स्क्रू सैल केला की काम झालं. ज्याला स्वतःची लांबी अजून सापडलेली नाही त्याला हे जास्त उपयोगाचं, म्हणजे नवशिक्यालाच.

गच्चीवरचा
स्क्रूचा मुद्दा मान्य. पण लोक त्या स्क्रूचं काय करतात ते पाहा. पहिल्याच दिवशी उरलेली तार कापून टाकतात आणि आठवड्यानं कळतं की आखूड झाली. तार परत जोडता येत नाही. मणी परत ओवता येतात.

आणि पुण्यात उड्या मारायच्या कुठे? गच्चीवर नाहीतर पार्किंगमध्ये. म्हणजे कोबा, चायना मोझॅक किंवा पेव्हर ब्लॉक. प्रत्येक फेरीला दोरीचा मधला वीतभर भाग तेवढाच घासला जातो. रोज हजार उड्या धरल्या तर आवरण फार काळ टिकत नाही. ते गेलं की आतल्या तारेचे धागे एकेक करून बाहेर येतात, आणि मग नुसता वळ उठत नाही, कातडी सोलते.

केबलवाला
कापण्याबद्दल: मी कापायला सांगितलंच नाही. दोन आठवडे शेपूट ठेवायची, मुठीला टेपनं बांधून. कापायचीच झाली तर त्या जागी आधी चिकटपट्टीचे दोन वेढे घट्ट मारायचे आणि पट्टीच्या मधोमध धारदार कटरनं कापायचं. नुसती पक्कड लावली तर टोक झाडूसारखं फिसकारतं आणि स्क्रूच्या भोकात शिरत नाही.

घासण्यावरही इलाज आहे. तपकीर गल्लीत वायरिंगसाठी हीट श्रिंक स्लीव्ह मिळते. ३ ते ३.५ मिमी आतल्या मापाची, साधारण फूटभर घ्या. एका बाजूची मूठ काढून ती तारेवरून मध्यापर्यंत सरकवा आणि लायटरची ज्योत लांबून फिरवा, आवळून बसते. झिजली की फाडून नवी. खर्च चहाएवढा.

गच्चीवरचा
स्लीव्हनं मधला तुकडा ताठ होतो, त्यामुळे कमानीचा तळ गोल न राहता सपाट होतो. सावकाश लयीत चालून जातं, पण ज्या वेगासाठी केबल घेतली तिथेच खटकतं. गुळगुळीत लाकडी फरशीची चैन असेल त्यानं खुशाल केबल घ्यावी.

तालीमकर
दोघंही दुकानदाराच्या गल्ल्यासाठी भांडताय. पेठांतल्या तालमींत सुती दोरी चालत आली, कुणाचं अडलं नाही. हार्डवेअरच्या दुकानातून ८ ते १० मिमीची सुती दोरी मापानं कापून घ्या, दोन्ही टोकांना गाठ मारा, झालं. एकच काळजी घ्या, विणलेली घ्या, पिळाची नको. पिळाची दोरी फिरता फिरता उलगडते आणि मध्ये फुगते. मुठी नाहीत, तेव्हा आवळून धरायची नाही. अंगठा आणि तर्जनीत सैल धरून चिमटीत फिरू द्यायची. लागली तरी वळ नाही. लहान मुलांना तर हीच द्यावी.

केबलवाला
तालीमकर, सुती दोरी जाड आणि हलकी, म्हणजे हवेला अडणार आणि स्वतःचा जोर नसणार. मिनिटाला १०० च्या पुढे गेलं की वर पोट सुटतं आणि खाली मागे राहते. पावसाळ्यात भिजली की तीच जड होते आणि वास मारते. आठवड्यातून दहा मिनिटं वॉर्मअपला ठीक. ‘कुणाचं अडलं नाही’ हा काही मापाचा आकडा नाही.

मोजपट्टी
मंडळी, दोरीचा पदार्थ नंतर. आधी लांबी. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवा, दोन्ही बाजू ताणून वर घ्या. मुठीची वरची टोकं काखेशी आली की नवशिक्यासाठी बरोबर. हात बसल्यावर छातीच्या मध्यापर्यंत आणा. आकड्यात सांगायचं तर दोरी उंचीपेक्षा सुमारे ९० सेंमी जास्त, सराव झाल्यावर ७५, पुढे ६०. एकदम कमी करू नका, दर खेपेला ३-४ सेंमीच.

बाजारात सरसकट ९ किंवा १० फुटी दोरी मिळते. १० फूट म्हणजे ३०५ सेंमी. १६० सेंमी उंचीच्या माणसाला हवी २५०. जादा ५५ सेंमी कुठे जाणार? ती जिरवायला दोन्ही हात बाजूला वीतभर आणि वर सरकतात. मग पोटऱ्यांआधी खांदे भरून येतात आणि माणूस म्हणतो, दोरी वाईट.

दुसरं, उडीची उंची. ३ सेंमी उडीत पाय जेमतेम ०.१६ सेकंद हवेत असतात, १५ सेंमी उडीत ०.३५. साध्या उडीला ३ सेंमी पुरतात, दोरी ५ मिमीची असो नाहीतर अडीचची. एका उडीत दोनदा दोरी काढायची, म्हणजे डबल अंडर, तिथे उंची आणि वेग दोन्ही लागतात आणि तिथेच केबलचं खरं काम आहे. पहिल्या महिन्यात डबल अंडर कुणीही करू नये. नडग्या बोंबलतात.

तालीमकर
लांबीबद्दल बरोबर. आता कुणीतरी त्या वजनदार मुठींबद्दलही लिहा. मुठीत लोखंडी कांड्या घालून ‘दंड कमावा’ म्हणून विकतात.

गच्चीवरचा
या एका बाबतीत आपण तिघं एक. मुठीचं वजन मनगटातच राहतं, दोरीच्या फेऱ्यात जात नाही. मनगट तेवढं दुखतं. जोर हवा असेल तर दोरी स्वतः जड हवी, पाव किलोच्या आसपास, आणि तीही सावकाश फिरवायला. आकडा दाखवणारी मूठ म्हणजे आणखी एक गंमत. एका हातात बटण सेल आणि काउंटर, दुसऱ्या हातात काहीच नाही. दोन मुठी कधी सारख्या फिरत नाहीत. मोबाइलवर वेळ लावा. बॉक्सिंगवाले ३ मिनिटं दोरी आणि १ मिनिट विश्रांती असंच करतात. नवशिक्यानं २० सेकंद उड्या, ४० सेकंद थांबा, अशा आठ-दहा फेऱ्या, एक दिवसाआड.

तिसरा मजला
मण्यांचे भक्त एक गोष्ट सोयीनं विसरतात. टक टक तुम्हाला ठेका असेल, खालच्या घरात तो सकाळी सहाचा हातोडा असतो. मधल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मण्यांची दोरी आणूच नका. तिथे पीव्हीसी, आणि खाली ६-८ मिमीची कडक रबरी चटई. योगासनांची मऊ चटई नको. तिच्यात चवडा रुततो, घोटा हलतो, आणि दोरी आपटून उसळते.

पीव्हीसीची खोड एकच, पाकिटातली वेटोळी सोडत नाही. थंडीत तर जास्तच. कढत पाण्यात दोन मिनिटं बुडवा, मग मध्यावर खिळ्याला टांगून दोन्ही मुठी खाली लोंबू द्या. रात्रीतून सरळ होते. गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात ठेवून विसरलात तर मात्र इतकी मऊ पडते की फिरताना लांबते.

नवी_पाहुणी
सगळं वाचलं, डोकं गरगरलं. उंची १५८ सेंमी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक, सकाळी २० मिनिटं. नेमकं काय घेऊ?

मोजपट्टी
२४८ सेंमी. अडीच मीटर धरा.

गच्चीवरचा
मण्यांची. दुकानात एका मण्यात नख रुतवून पाहा. दबून परत आला तर घ्या. काचेसारखा कडक असेल तर पेव्हर ब्लॉकवर फुटणार आणि फुटलेल्या कडा दोरी कापणार.

केबलवाला
पेव्हर ब्लॉकवर केबल मीही देणार नाही, एवढं लिहून देतो. फटींमध्ये तार अडकते. पण मण्यांऐवजी बेअरिंगवाली पीव्हीसी घ्या. दुकानात मूठ आडवी धरून दोरी खाली लोंबू द्या आणि मुठीजवळ बोटानं टिचकी मारा. दोरी मोकळी फिरून थांबली तर बेअरिंग ठीक. पीळ पडून उलटी परत आली तर आत नुसती गाठ आहे, ती शंभर-दीडशेची दोरी परत ठेवा.

गच्चीवरचा
ही टिचकी मण्यांच्या दोरीलाही मारा. तिच्या मुठीतही बहुतेक वेळा गाठच असते, पण भोक मोठं असेल तर गाठ आत मोकळी फिरते. भोक दोरीएवढंच घट्ट असेल तर नाही.