मदत हवी आहे : आईची चक्करची गोळी, हाताची थरथर आणि आता नवी चिठ्ठी

नमस्कार. थोडं लांबणार आहे. तुटक सांगितलं तर नीट कळणार नाही, म्हणून सगळंच लिहिते.

आई ७१ वर्षांची, कराडजवळ गावी एकटीच असते. मी ठाण्यात. बीपीच्या गोळीशिवाय तिला कसलं औषध नव्हतं. मार्चमध्ये एका पहाटे कुशीवर वळली आणि घर गरगर फिरायला लागलं, उलट्या झाल्या. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि चक्करची एक बारकी गोळी लिहून दिली. दिवसातून ३ वेळा, ५ दिवस. दोन दिवसांत आई उठून चुलीशी. इथपर्यंत कुणाबद्दल तक्रार नाही.

पण त्या गोळीने बरं वाटतं म्हणून आई तीच चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जात राहिली आणि तेही देत राहिले. चिठ्ठीला घडीवर भोक पडलंय. ३ गोळ्यांच्या २ झाल्या, पण थांबल्या नाहीत. आठ महिने! मी दर रविवारी फोनवर विचारायचे, "गोळ्या घेतेस ना वेळेवर?" ती म्हणायची, "हो." कुठल्या गोळ्या, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दिवाळीला गेले तर आई पाय घासत चालते. चालताना हात हलतच नाहीत, अंगाला चिकटल्यासारखे. चेहऱ्यावर हसू नाही. मला वाटलं, गणपतीला आले नाही म्हणून रुसलीय. करंजीला मुरड घालायला बसली तर जमेना. हात मांडीवर नुसते ठेवले तरी दोन्ही थरथरतात. आणि भिंतीवरचं कालनिर्णय. त्यावर ती रोजचं दूध लिहिते. मार्चचं 'अर्धा लि.' चौकोनभर, ऑक्टोबरचं मुंगीएवढं. चष्मा लावून वाचावं लागलं मला.

मागच्या आठवड्यात शहरात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कंपवात (पार्किन्सन) सांगून लेव्होडोपा-कार्बिडोपा लिहून दिली. चालू औषधं विचारली तेव्हा आई म्हणाली, "बीपीची." चक्करची गोळी तिच्या लेखी औषधच नाही, ओव्यासारखी घरातली वस्तू. मलाही ती घरी आल्यावर डब्यात दिसली. लाल पट्टीची स्ट्रिप, बारीक अक्षरात 'प्रोक्लोरपेराझिन मॅलिएट ५ मिग्रॅ'. शोधलं तर हे औषध मानसिक आजारांवरही देतात. मी बावळटासारखं ते आईला वाचून दाखवलं. "म्हणजे मला वेडाची गोळी दिली?" पुढचा अख्खा दिवस समजूत काढण्यात गेला.

थरथर या गोळीमुळे असेल का? ती आजच बंद करू का? नवी गोळी आणून ठेवलीय, अजून दिलेली नाही.

खलबत्ता :
ताई, ३० वर्षं औषधाच्या दुकानात काढली आहेत, डॉक्टर नाही. शंका रास्त आहे. ही गोळी मेंदूतल्या डोपामिनची, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाची, जागा अडवते. त्यामुळे उलटी, चक्कर थांबते, आणि जास्त मात्रेत भास-भ्रमावरही ती चालते. म्हणून ती 'वेडाची' होत नाही, आईंना सांगा. पण डोपामिन फार दिवस अडलं की हालचाल मंदावते, अंग ताठतं, हात कापतात. हुबेहूब कंपवात. वयस्कर माणसांत जास्त. खरा कंपवात बहुधा एका बाजूने सुरू होतो, औषधाचा बऱ्याचदा दोन्हीकडे. पण एवढ्यावरून घरी निदान करू नका, दोन्ही एकत्रही असू शकतं.

आता गंमत बघा. नवी गोळी डोपामिन वाढवणार, जुनी त्याची वाट अडवणार. शिवाय लेव्होडोपाने सुरुवातीला मळमळतं. आईंना मळमळलं की त्या काय घेणार? तीच चक्करची गोळी! नवीची पहिली गोळी देण्याआधी त्या डॉक्टरांना फोन करा आणि "ही ८ महिने चालू आहे" एवढं एक वाक्य सांगा.

सुंठसाखर :
सगळं केमिकल आजच उकिरड्यावर टाका. आलं-लिंबू द्या, चक्कर पळते.

खलबत्ता :
आलं-लिंबू खुशाल द्या, पण टाकाटाकी नको. इतके महिने घेतलेली गोळी एकदम तोडली तर मळमळ, घाम, झोप उडणं असं होऊ शकतं. कशी थांबवायची ते डॉक्टर सांगतील, फक्त विचारायला उशीर करू नका. तोवर आईंना अंथरुणातून झटकन उठू देऊ नका. बीपीची गोळी आणि ही मिळून उभं राहताना बीपी घसरतं, आणि त्या वयात पडणं म्हणजे खुबा. झोपेची किंवा सर्दीची गोळी मनाने देऊ नका. जीभ, ओठ आपोआप चघळल्यासारखे हलत असतील तर तेही सांगा. खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि बोलण्यात गोंधळ, असं झालं तर थेट हॉस्पिटल.

पाटावरवंटा :
आमच्या काकांचं अगदी असंच. त्यांना सिनारिझिन ही चक्करचीच दुसरी गोळी चालू होती, तिनेही कंप येतो. बंद केल्यावर चार महिन्यांनी चहाची बशी हातात नीट धरायला लागले. सगळ्यांचं इतक्या लवकर होत नाही म्हणे.

कुशीवर वळताना चक्कर म्हणालात ना? कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागचे हलले की असंच होतं. ईएनटीवाले डोकं एका बाजूला वळवून पटकन आडवं करतात आणि डोळे बघतात. तेच निघालं तर एपली नावाची कृती करतात, पाच-दहा मिनिटांचं काम. काकांना टेबलावर चार वेळा फिरवलं, ते डॉक्टरांना शिव्या देत होते आणि उठले ते बरे होऊन. अशा चक्करला महिनोन्‌महिने गोळी लागतच नाही. उलट मेंदूला तोल सावरायची सवय व्हायची, ती गोळीमुळे लांबते.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. काल फोन केला. डॉक्टर आधी गप्पच झाले, मग म्हणाले, नवी सुरू करू नका, जुनी आजपासून रात्रीची एकच, आणि मंगळवारी सगळ्या स्ट्रिपा घेऊन या. न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवणार आहेत. ईएनटीचंही विचारलं, तेही करू म्हणाले.

डबा पिशवीत भरलाय. कालनिर्णयची मार्च आणि ऑक्टोबरची पानंही फाडून घेतली, तर आई ओरडली, मागे दूधवाल्याचा हिशेब राहिलाय. आणि ती भोक पडलेली चिठ्ठी मी टाकणार होते, तीही देईना. तिच्या पाठीवर गिरणीवाल्याचा नंबर आहे.