मंडळीत वाट्याला आलेले काम आणि मनात राहिलेला सल

वाळ्याची ताटी (प्रश्नकर्ता), नागपूर

सर्वांना जय ख्रिस्त. मी नागपुरातील एका मराठी मंडळीचा (चर्चचा) सभासद आहे. ३४ वर्षे बँकेत नोकरी करून मागच्या वर्षी निवृत्त झालो. सततच्या बदल्यांमुळे मंडळीच्या कामाला कधी हात लावता आला नाही, याची रुखरुख होती. म्हणून निवृत्तीनंतर मी आपणहून पाळकसाहेबांकडे गेलो आणि कोणतीही सेवा सांगा, असे म्हणालो. खरे सांगायचे तर ‘कोणतीही’ या शब्दाचा माझ्या मनातला अर्थ अर्पणाचा हिशेब, लेखापरीक्षण, फार तर पास्टरेट कमिटीतील (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीतील) एखादी जबाबदारी, एवढाच होता. प्रत्यक्षात मार्च संपता संपता मला असे सांगण्यात आले की, उन्हाळाभर दर रविवारी उपासनेच्या दीड तास आधी यायचे, सहा कूलरमध्ये पाणी भरायचे, ताट्या भिजवायच्या आणि माठ घासून भरून ठेवायचे.

मी नाही म्हटले नाही. चार रविवार निमूटपणे केले. पाचव्या रविवारी बादली हातात असताना, एके काळी माझ्या हाताखाली कारकून असलेले आणि आता कमिटीवर असलेले एक गृहस्थ आत आले, “काका, त्या कोपऱ्यातल्या कूलरकडेही जरा बघा,” असे म्हणाले आणि पुढच्या रांगेत जाऊन बसले. त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, तरीही ते मला लागले. योगायोग असा की, त्या दिवशीचा उपदेश योहानाच्या १३व्या अध्यायावर, म्हणजे प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्या प्रसंगावर होता, आणि त्यातले एक वाक्यही माझ्या कानांत शिरले नाही.

मनात असा सल ठेवून केलेली सेवा देवाला मान्य होते का, की मन निवळेपर्यंत थांबणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल? आणि ज्याला हिशेब येतो त्याला बादल्या उचलायला लावणे मंडळीच्या हिताचे आहे का, असे विचारणे हादेखील अहंकारच समजायचा का?

रविवारचा चहा (उत्तर)

दादा, गेली २२ वर्षे मी उपासनेनंतरच्या चहाचे पाहते. मन निवळेपर्यंत थांबायचे ठरवले असते, तर या मंडळीला २२ वर्षांत दहा-बारा वेळाच चहा मिळाला असता. तहानलेल्या म्हाताऱ्या माणसाला तुमच्या माठातले पाणी गार लागते की नाही, एवढेच कळते. ते भरताना तुमच्या मनात काय चालले होते, हे त्याला कळत नाही. मनाचे देवाशी बोलावे, बादली मात्र खाली ठेवू नये, असे माझे मत आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे स्पष्ट लिहिते, राग मानू नये. आमच्या महिला मंडळात एक निवृत्त मुख्याध्यापिका कप विसळतात आणि रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली एक मुलगी पातेली घासते. या बाईंना शिकवता येते, मग त्यांनी कप का विसळावेत, हा प्रश्न आजवर कोणत्याही सभेत आलेला मी ऐकलेला नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ५व्या अध्यायात विधवांची नावे यादीत घेण्यासाठी ज्या गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत, त्यांत मुलांचे संगोपन आणि परक्यांचा पाहुणचार यांच्या बरोबरीने ‘पवित्र जनांचे पाय धुणे’ही आहे. म्हणजे तिथे ते वर्षातून एकदा करायचा विधी म्हणून आलेले नाही, बायका करत असलेले घरकाम म्हणूनच आले आहे.

आणखी एक सांगते. गडचिरोली, चंद्रपूरकडची विश्वासी कुटुंबे उपचारांसाठी मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) येतात, तेव्हा आम्ही आळीपाळीने त्यांना डबा पोहोचवतो. एका माउलीने पाच दिवस आमचा डबा घेतला आणि सहाव्या दिवशी तो साखर घालून परत दिला. वॉर्डाच्या व्हरांड्यात झोपणाऱ्या बाईने ती साखर कुठून विकत आणली असेल, याचा विचार करून मी घ्यायला कां-कूं करू लागले. “ताई, रिकामा डबा परत देऊ नये,” एवढेच ती म्हणाली. त्या दिवशी मला देण्यापेक्षा घेणे अवघड गेले.

वचनाचा विद्यार्थी

प्रश्नकर्त्यांचा दुसरा प्रश्न मला अहंकाराचा वाटत नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ पाहावा. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत असल्याची तक्रार आली, तेव्हा ‘मेजावर सेवा करण्यासाठी’ सात माणसे निवडण्यात आली. त्या कामासाठी लागणारी पात्रता आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असणे ही होती. म्हणजे वाढप्याच्या कामालाही सुज्ञ माणूस हवा, असे पहिल्या मंडळीचे मत होते. सातही नावे ग्रीक आहेत, त्यावरून ज्या गटाची तक्रार होती त्याच गटाच्या हाती वाटप सोपवले गेले, असा तर्क अनेक अभ्यासक करतात. बँकेत आयुष्य गेलेल्या आपल्याला एक गंमत सांगतो: तेथील ‘मेज’ या अर्थाचा मूळ ग्रीक शब्द ‘त्रापेझा’ आहे. मंदिरातील सराफांचे जे चौरंग प्रभूने पालथे केले, त्यांनाही मत्तयाने हाच शब्द वापरला आहे आणि आजच्या ग्रीक भाषेत बँकेला ‘त्रापेझा’च म्हणतात. त्यामुळे ते सातजण पोळ्या वाढत होते की पैशांचा हिशेब ठेवत होते, हे एका शब्दावरून ठरत नाही. बहुधा दोन्ही करत असावेत.

मात्र आपल्या मनातला सल हिशेबाचा नाही, असे मला नम्रपणे वाटते. पूर्वीचा कारकून पुढे बसला आणि आपण मागे बादली घेऊन उभे राहिलो, हे दुःख आहे. लूकने २२व्या अध्यायात लिहिले आहे की, शेवटच्या भोजनाच्या मेजावरच, प्रभुभोजन झाल्यानंतर, आपल्यात मोठा कोण यावरून शिष्यांत वाद झाला. तेव्हा आपल्याला झालेला त्रास मंडळीत नवा नाही. आपण तो कबूल करता, हे मात्र विरळा आहे.

सदरचा कॅथोलिक

मी दुसऱ्या परंपरेतला आहे, तरी लिहितो. आमच्याकडे पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) संध्याकाळच्या मिस्सामध्ये, म्हणजे उपासनेत, धर्मगुरू काही भाविकांचे पाय धुतात. पूर्वीच्या नियमात फक्त पुरुषांचा उल्लेख होता. व्हॅटिकनच्या २०१६ च्या आदेशानंतर स्त्रियांनाही त्यांत अधिकृतपणे स्थान मिळाले. एका वर्षी माझी निवड झाली. (निवड झालेला प्रत्येक जण त्या दिवशी घरून पाय दगडाने घासून, नवे मोजे घालून येतो. धुण्यासारखे काही शिल्लक ठेवत नाही, हा आमचा पिढीजात विनोद आहे.) आमचे फादर त्या वेळी सत्तरीच्या पुढे होते आणि त्यांचे गुडघे दुखत. ते खाली वाकताना पाहून मला पाय मागे ओढावासा वाटला, आणि प्रभू पाय धुवायला आला तेव्हा शिष्य पेत्र नको नको का म्हणाला, ते तेव्हा समजले. भगिनींनी साखरेच्या डब्याबद्दल लिहिले, ते अगदी खरे आहे. वल्हांडण सणाच्या सहा दिवस आधी बेथानीच्या मरीयेने जटामांसीचे मोलवान तेल प्रभूच्या पायांना लावून ते केसांनी पुसले, तेव्हा त्याने ते करू दिले. शिष्यांचे पाय त्याने त्यानंतर धुतले. पाय धुतलेल्यांत प्रभूला धरून देणारा यहूदाही होता, कारण तो रात्री बाहेर पडला तो त्यानंतर. आपले ते पूर्वीचे सहकारी तर फक्त कूलरकडे बघा, एवढेच म्हणाले.

प्रीतिभोजन

थोडक्यात लिहितो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरातच स्थापन झाली, तेव्हा तिच्यात सामील झालेल्या सहा मंडळ्यांपैकी एक ब्रदरन मंडळी होती. ब्रदरन परंपरेच्या प्रीतिभोजनात (प्रभुभोजनासह होणाऱ्या एकत्र जेवणात) पाय धुणे हा नेहमीचा भाग आहे. तिथे एकच जण सर्वांचे पाय धूत नाही; शेजारी शेजाऱ्याचे धुतो, मग स्वतःचे दुसऱ्याकडून धुऊन घेतो, पुरुष पुरुषांचे आणि स्त्रिया स्त्रियांचे. कायमचा सेवक आणि कायमचा सेव्य असे दोन गट त्यात पडतच नाहीत. आपल्या मंडळीत कूलरची पाळी फिरती आहे का?

तरुण संघ

वरचे सगळे वाचले आणि पटले, पण एक गोष्ट कोणी विचारली नाही म्हणून विचारतो. काका, तुमच्याआधी हे सहा कूलर कोण भरत होते?

विचारण्याचे कारण असे की, नम्रतेवरचा उपदेश बहुतेक वेळा चुकीच्या रांगेला ऐकू जातो. आमच्यापैकी अनेकांच्या पणजोबांवर जी कामे जन्मावरून लादली होती, त्यांतून मान वर करून ते मंडळीत आले. झाडणे, पाणी भरणे, कबर खोदणे ही कामे मंडळीतही पुन्हा त्याच चार घरांकडे जाणार असतील आणि वर त्यांनाच ‘नम्र व्हा’ असे सांगितले जाणार असेल, तर तो जुनाच व्यवहार झाला. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात देवाच्या स्वरूपाचा असलेला ख्रिस्त दासाचे रूप घेतो. ती चाल वरून खाली आहे. जो आधीच खाली उभा आहे, त्याला आणखी वाकायला सांगण्यासाठी ते वचन वापरता येत नाही. म्हणून बँकेचा निवृत्त अधिकारी बादली उचलतो, याचा मला आनंद आहे, आणि कमिटीवरच्या त्या गृहस्थांनी दुसरी बादली उचलली असती, तर तो आणखी झाला असता.

वाळ्याची ताटी (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. तरुण संघातील भावाच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते, याची लाज वाटली. काल चौकशी केली. आमच्या चर्चचे चौकीदार ९ वर्षे हे काम एकटे करत होते. यंदा पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना जमेना, म्हणून हे काम माझ्याकडे आले. मी त्यांच्या खोलीवर गेलो, तेव्हा त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः कॉटच्या कडेवर बसले आणि माझ्या आजवरच्या कामातली एक चूक फार संकोचाने सांगितली. उपासना संपल्यावर मी घरी निघून जात होतो आणि टाक्यांत उरलेले पाणी तसेच राहत होते. रविवारचे पाणी पुढच्या रविवारपर्यंत साचून राहिले, तर त्यात डेंग्यूचे डास होतात. म्हणून दर सोमवारी सकाळी टाक्या रिकाम्या करून पुसाव्या लागतात. ते काम दुखऱ्या पाठीने, मला एका शब्दाने न कळवता, अजूनही तेच करत होते.

येत्या सोमवारी सातला मी जाणार आहे. त्यांनी येऊ नये असे मी सुचवले, ते त्यांना आवडले नाही. खुर्चीवर बसून फडके पिळून देईन, असे म्हणाले, आणि मी हो म्हटले. पाळी फिरती करण्याची सूचना कमिटीला लिहून दिली आहे. हिशेबाचे पाळकसाहेबांशी जूनमध्ये, पाऊस लागून कूलर बंद झाले की बोलेन.