मोड आणलेल्या गव्हाचे सत्त्व, ‘आढळले नाही’ असा अहवाल आणि दडलेले विष

फोंडेकरीण (प्रश्न):
नमस्कार. माझ्या ८ महिन्यांच्या नातवाला मी सकाळी नाचणीचे तिजाण देते आणि संध्याकाळी गव्हाला मोड आणून, वाळवून, भाजून दळलेले सत्त्व शिजवून देते. श्रावणात भिजत घातलेल्या गव्हात काही दाणे हलके, सुरकुतलेले आणि फिकट गुलाबी दिसले, म्हणून तयार पीठ प्रयोगशाळेत तपासून घेतले. डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, म्हणजे ‘डॉन’, हे बुरशीजन्य विष ‘आढळले नाही’ असे अहवालात आहे. परंतु अशी विषे रूप बदलून चाचणीतून निसटतात, असे वाचले. मग या अहवालावर कितपत विसंबावे?

धान्यपरीक्षक:
ताई, तुमची शंका रास्त आहे. डॉन तयार करणारी फ्युजेरियम बुरशी गहू फुलोऱ्यात असतानाच ओंबीत शिरते. त्यामुळे ते गुलाबी दाणे बहुधा शेतातूनच आलेले असावेत, आपल्याकडच्या दमट हवेचा त्यात दोष नसावा. रोप स्वतःच्या बचावासाठी डॉनच्या रेणूला ग्लुकोज जोडते आणि डॉन-३-ग्लुकोसाइड तयार होते. केवळ डॉन शोधणाऱ्या चाचणीत ते मोजले जाईलच असे नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू मात्र ग्लुकोज तोडून मूळ विष पुन्हा मोकळे करू शकतात. मोड आणल्याने प्रश्न अधिक गंभीर होतो. भिजवताना काही डॉन पाण्यात उतरते हे खरे, पण माल्टसाठी अंकुरवलेल्या बार्लीत या ग्लुकोसाइडचे प्रमाण वाढल्याचे आढळले आहे. भाजण्यावरही भिस्त ठेवू नये, कारण डॉन उष्णतेला बरेच टिकते.

डिचोलीचा वाचक:
लहान मुलांच्या तृणधान्ययुक्त आहारासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने किलोमागे २०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली, पण ती फक्त डॉनची आहे. याउलट युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ साली डॉन, त्याची दोन ॲसिटिल रूपे आणि हे ग्लुकोसाइड अशा चौघांचे मिळून शरीराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १ मायक्रोग्रॅम हे सह्य प्रमाण मानले. बाळ ८ किलोचे असेल, तर २०० मायक्रोग्रॅमच्या पातळीचे अवघे ४० ग्रॅम पीठ ते प्रमाण गाठते, आणि ग्लुकोसाइडचा हिशेब त्याच्याही वर. म्हणून प्रयोगशाळेला डॉन-३-ग्लुकोसाइड वेगळे मोजता येते का, असे नाव घेऊनच विचारा. साठवणीतल्या ओलाव्याने होणारी अफ्लाटॉक्सिन व ऑक्रॅटॉक्सिन ही विषे निराळी. त्यांची तपासणीही मागून घ्या.

फोंडेकरीण:
दोघांचेही मनापासून आभार. उरलेले पीठ बाजूला काढले आहे. त्याच पोत्यातला कोरडा गहू आणि हे पीठ, असे दोन नमुने सोमवारी वेगवेगळे पाठवते. निकाल येईपर्यंत बाळाला गव्हाचे सत्त्व देणार नाही.