रुंद चवडा, दुखरी टाच आणि वैशाखातले ऊन : कोल्हापुरी बाजूला ठेवावी का?

मूळ मांडणी : वऱ्हाडी मास्तरीण (अकोला)

मी १८ वर्षे शाळेत शिकवते आहे. दिवसाचे पाच तास शहाबादी फरशीवर उभे राहण्याचे हे काम असून, गेल्या वर्षापासून सकाळी पलंगावरून उतरताना पहिले पाऊल टेकले की उजव्या टाचेत दाभण खुपसावा तशी कळ येते. दहा-वीस पावले टाकली की ती ओसरते आणि दुपारी फळ्यापुढे उभी राहिले की पुन्हा हजर होते. डॉक्टरांनी प्लांटर फॅसायटिस, म्हणजे टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत ताणलेल्या जाड पडद्याचे दुखणे, असे निदान केले. हिवाळाभर बुटांनी निभावले. परंतु एप्रिलमध्ये अकोल्याचा पारा ४४ अंशांकडे सरकू लागला की मोजे-बूट घालून वर्गात उभे राहणे ही दुसरी शिक्षाच होते.

माझे मत स्पष्ट मांडते. ज्यांचा चवडा रुंद आहे आणि टाचही दुखते, त्यांनी कोल्हापुरी आणि एकूणच सपाट चपला उन्हाळ्यापुरत्यासुद्धा वापरू नयेत. टाचेमागे पट्टा असलेली, चवड्यावरचा आणि घोट्याजवळचा पट्टा वेलक्रोने सैल-घट्ट होणारी, जाड तळाची सँडलच घ्यावी. अंगठ्याच्या चपलेला मागून धरणारे काही नसल्यामुळे ती पायातून निसटू नये म्हणून बोटे सतत आवळली जातात, आणि सपाट टणक तळामुळे प्रत्येक पावलाचा दणका नेमक्या दुखऱ्या जागेवर बसतो.

दुसरी चूक मी स्वतः अनेक वर्षे केली. कागदावर पाऊल ठेवून भोवती पेन्सिलीने रेघ मारली, तेव्हा लांबी साडेचोवीस सेंटिमीटर आणि चवड्याची रुंदी साडेदहा भरली. लांबीच्या हिशेबाने मला सहा नंबर पुरतो. पण सहाचा पट्टा करंगळीला कापतो, म्हणून दुकानदार आठ नंबर काढून देतो आणि मी तो मुकाट्याने घेते. एका नंबराला लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढते, रुंदी मात्र जेमतेम दोन-तीन मिलिमीटरने. म्हणजे रुंदीतले पाच मिलिमीटर मिळवण्यासाठी मी लांबीचे सतरा मिलिमीटर विकत घेते. शिवाय सँडलमधला कमानीचा उंचवटा कमानीखाली न येता पुढे सरकून चवड्याला टोचतो. आपली मते कळवावीत, विरोधी असली तरी चालतील.

चप्पल लाईनकर (कोल्हापूर)

ताई, टाचेच्या त्रासाबद्दल सहानुभूती आहे. परंतु कोल्हापुरीविषयीचा आपला निकाल एकतर्फी आहे. आमच्या घरात तीन पिढ्या हे काम चालते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपण जिला कोल्हापुरी म्हणता ती बहुधा आत पुठ्ठा भरून वरून रेक्झिन चिकटवलेली, रस्त्यावर ढिगाने मिळणारी असावी. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्याचा तळ सुरुवातीला टणक असतो आणि पहिले आठ-दहा दिवस चप्पल चावतेही. पण मग पायाच्या उबेने आणि घामाने तो टाच व चवडा यांच्या जागी दबतो, आणि पट्टा पायाएवढा सैल होतो. तिच्या बाजू उघड्याच असल्यामुळे रुंद पाय कुठे कोंडत नाही. आपण जी रेघ कागदावर मारली तीच कारागिराला दिली, तर तो तळ त्या मापाने कापेल आणि पट्टा लांब ठेवील. साच्यातून निघणाऱ्या सँडलला हे कसे जमणार?

राहिला उन्हाचा मुद्दा. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे चार जिल्हे आहेत. सोलापूरचा वैशाख काही अकोल्यापेक्षा सौम्य नसतो, आणि तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या हेच पायताण घालून शेतात राबली आहेत.

तळवा-तपासनीस (नाशिक, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट)

दोघांच्याही म्हणण्यात अर्धे-अर्धे तथ्य आहे, पण चप्पल लाईनकरांशी माझे मतभेद अधिक आहेत. चामडे पायाचा ठसा घेते हे खरे. तथापि ठसा म्हणजे आधार नव्हे. ज्याची कमान बसलेली आहे, त्याच्या पायाखाली ठसाही बसक्या कमानीचाच उमटतो. आणि शेतातली भुसभुशीत माती व शाळेतली शहाबादी फरशी यांची तुलना करून कसे चालेल? शेतकऱ्याच्या टाचेखाली जमीन दबते, मास्तरीणबाईंच्या टाचेखाली काहीच दबत नाही.

बाईंच्या मांडणीतही एक धोका आहे. 'जाड तळ' म्हटले की लोक दुकानात अंगठ्याने तळ दाबून पाहतात आणि जी सर्वांत मऊ ती पसंत करतात. फार मऊ फोममध्ये टाच रुतते, आत किंवा बाहेर कलते, आणि काही महिन्यांत फोम चेपला की त्याचा उपयोगही सरतो. सँडल दोन्ही हातांत धरून वाकवून पाहावी : ती चवड्याच्या जागी वाकली पाहिजे, मधोमध दुमडता कामा नये. मग ओले फडके पिळतो तशी पिळून पाहावी. सहज पिळली गेली तर ती जागच्या जागी ठेवून द्यावी. टाचेची बाजू पुढच्यापेक्षा एक-दीड सेंटिमीटर उंच असावी आणि टाच बसायला वाटीसारखा खळगा असावा. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि सकाळी बसलेला पट्टा संध्याकाळी कापू लागतो.

'टाचेचे हाड वाढले आहे' असे एक्स-रेवरून सांगितले म्हणून घाबरून येणारे बरेच भेटतात. तसे वाढलेले हाड टाच न दुखणाऱ्यांच्या एक्स-रेमध्येही दिसते. चपलेइतकेच महत्त्व ताणाच्या व्यायामाला आहे : पलंगावरून उतरण्यापूर्वी पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढून दहा अंक मोजावेत, आणि दिवसातून दोन-तीनदा भिंतीला हात टेकून पोटरी ताणावी. बहुतेकांचे दुखणे शस्त्रक्रियेवाचून वर्षभरात जाते. फक्त धीर हवा. मधुमेहामुळे तळवे बधिर झालेल्यांनी मात्र येथील कोणाचेच न ऐकता आधी डॉक्टरांना पाय दाखवावा.

निवृत्त कंडक्टर (सोलापूर)

चर्चा सगळी बाहेरच्या चपलेची चालली आहे. ३१ वर्षे एसटीत उभ्याने तिकिटे फाडली, टाच मला निवृत्तीनंतर दुखू लागली, कारण तेव्हापासून मी दिवसभर घरात अनवाणी फिरू लागलो. आपल्याकडे दारात चपला काढण्याची पद्धत आहे आणि आता घरोघरी गुळगुळीत टाइल्स आहेत. शेणाने सारवलेली जमीन नाही. मी औषधांच्या दुकानातून एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल आणली. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पावलांसाठी हे रबर वापरतात. ती केवळ घरात घालायची असे ठरवले आणि दोन महिन्यांत सकाळची कळ निम्म्यावर आली. दिसायला ती अगदीच दवाखान्यातली वाटते, हे मान्य. तेव्हा बाईंनी आधी स्वयंपाकघरातला पाय पाहावा, मग शाळेतला.

वाड्यातली सून (पुणे)

काका, आमच्या स्वयंपाकघराला लागूनच देवघर आहे आणि तिथे चप्पल घालून गेले तर काय ऐकावे लागेल, याची कल्पना आपल्याला असेल. ओट्यापुढे जाड रबरी पायपुसणे अंथरून उभे राहते, तेवढ्यावर भागवते. आपला उपाय बरोबर असेल. पण तो प्रत्येक घरात चालण्याजोगा नाही.

परदेशस्थ (न्यू जर्सी)

रुंदीविषयी एक उपयुक्त माहिती. येथे नंबराबरोबर रुंदीचे अक्षरही मागता येते. स्त्रियांसाठी 'बी' ही सर्वसाधारण रुंदी आणि 'डी' ही रुंद. पुरुषांच्या पादत्राणांत मात्र 'डी' हीच सर्वसाधारण मानतात आणि रुंद म्हणजे 'दोन ई' किंवा 'चार ई'. म्हणून अकोल्याच्या बाईंनी लांबीला जुळणारी पुरुषांची सँडल पायात घालून पाहावी. रंग काळा नाहीतर मातकट मिळेल, एवढीच काय ती तडजोड.

वऱ्हाडी मास्तरीण (अकोला)

सर्वांचे आभार. पुरुषांच्या विभागात जाऊन सहा नंबरची तीन पट्ट्यांची सँडल काल संध्याकाळी घालून पाहिली. करंगळी प्रथमच पट्ट्याच्या आत राहिली! विक्रेता मुलगा दोनदा म्हणाला, "मॅडम, हा जेन्ट्सचा माल आहे." त्याला मी कागदावरची रेघ दाखवली. मला राग त्या मुलाचा नाही, या पद्धतीचा येतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातील लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मापे घेतली आणि भारतीय पावले युरोप-अमेरिकेतील पावलांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असल्याचे त्यातून दिसले. तरीही दुकानात रुंदी विचारली की माझाच पाय वाकडा असल्यासारखे पाहतात.

कंडक्टरकाकांचा मुद्दा मला सुचलाच नव्हता; घरासाठी एमसीआर आणते. 'जाड तळ' हे शब्द मी मागे घेते आणि त्याजागी 'न पिळणारा तळ' म्हणते. कोल्हापुरीबाबत मात्र माझे मत कायम आहे. चप्पल लाईनकरांना एकच विचारते : माझ्या मापाचा रुंद तळ, टाचेखाली दीड सेंटिमीटरचा उंचवटा, टाचेला खळगा आणि मागे पट्टा, असे कोणी कारागीर बाभळीच्या चामड्यात करून देईल काय?

चप्पल लाईनकर (कोल्हापूर)

टाचेखाली चामड्याचे थर वाढवून उंची देता येईल, मागचा पट्टाही शिवता येईल. खळग्यासाठी वरचा थर भिजवून गोल लाकडावर ठोकावा लागेल. वडिलांना विचारले, ते म्हणाले की जमेल, पण पहिला जोड बिघडला तर हसायचे नाही. दोन्ही पायांची रेघ वेगवेगळी काढून ठेवा, कारण उजवा आणि डावा कधीच सारखे नसतात. जोड करून देऊ. फक्त त्याला कोल्हापुरी म्हणण्याचा आग्रह धरू नये.